अर्धी ओळ

बारोट आला तेव्हा पाट्यात पाणी पांढरं धरू लागलं होतं.
छोट्या रणाच्या चिखलात त्याची मोटरसायकल दोनदा रुतली.
वही मात्र कोरडी,
लाल बासनात गुंडाळून छातीशी बांधलेली,
तान्हं पोर बांधावं तशी.

जेसंगकाकांनी दंताळं टाकलं, पंप बंद केला.
वजूकाकीनं बिनदुधाचा चहा चढवला.
तीन वर्षांनी येतो बारोट, आमचे आम्हाला ऐकवायला.

तो मुळापासून सुरू करतो:
रुक्मवाह राजा.
त्याचं छत्र, त्याचा हत्ती, त्याचे सात हजार धनुर्धर,
म्हणे रथाच्या चाकांना चांदीचे आरे.
मग खाली येऊ लागतो, अंधाऱ्या विहिरीत उतरावं तसा,
पायरी चाचपत:
रुक्मवाहाच्या वंशात रुखवाह, रुखवाहाच्या रुखवो,
रुखवोच्या रुखो.
कितीक तोंडांनी चघळून चघळून
नावाची खारीक झाली, मग नुसती बी.
उरलो ते आम्ही, रुखाणी.
व्यापाऱ्याच्या चोपडीत तर एवढंही नाही.
तिथं फक्त पाट्याचा नंबर, आणि पुढे किती टन.

मी चौदा वर्षांचा. विचारलं,
'कोणाच्या बाजूनं लढला?'

बारोटानं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.
काका हसत होते. जिंकणाऱ्यांच्याच की,
लग्नात बाया तसंच गातात.

'मिठाच्या बाजूनं,' बारोट म्हणाला.
'एका दुष्काळात त्या घराण्यानं शंभर गाड्या धान्य धाडलं होतं.
फेडीची तारीख ठरली नव्हती.
मग शंख वाजले, आणि ती तारीख आली.
आपण हरणार, हे राजाला निघतानाच ठाऊक होतं.
खाल्ल्या मिठाला जागला.'

'आणि मोठ्या पोथीत काय आहे त्याचं?'

'अर्धी ओळ.
अकराव्या दिवशी पडलेल्यांची यादी आहे लांबलचक.
तिच्या शेपटाला:
आणि रुक्मवाहही, हत्तीसकट.'

काका दंताळ्याच्या दात्यांकडे बघत राहिले.
लांब, उन्हाच्या थरथरीत, घुडखरांचा कळप
पाण्यावरून चालल्यासारखा गेला. पाणी नव्हतंच तिथं.

काकीनं घुंगटाआडून विचारलं,
'हत्तीचं नाव काय होतं?'

बारोटानं पानं उलटली. पुन्हा उलटली.
अंगठा जिभेला लावून मागं गेला, पार पहिल्या पानापर्यंत.
'नाही लिहिलेलं, बेन.'

'एवढा मोठा हत्ती,' काकी म्हणाली,
आणि भांडी जरा जोरातच आपटली.

मग नवीन नावं. दोन जन्म: कंकू, भूपत.
(कंकू बारीक अक्षरात, समासात.)
एक मरण: मफाआजा.
चितेवर आजा सगळा जळला, तळपाय तेवढे राहिले.
साठ वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेले पाय,
लाकडं संपली तरी जळेनात.
ते आम्ही वेगळे पुरले, मूठभर मीठ टाकून.
'पायांचं लिहू का?' मी विचारलं.
बारोट म्हणाला, त्याला रकाना नाही.
लेखणी मात्र कागदावर थोडा वेळ तशीच टेकून राहिली.
तिथं शाईचा एक ठिपका पडला. तो अजून आहे.

दुपारी बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, खिचडी.
पहिल्याच घासाला बारोट म्हणाला,
'बेन, मीठ जरा कमी आहे.'
काकी थांबली. मग इतकी हसली, इतकी हसली
की घुंगट खांद्यावर आला.
'अख्खं रण पडलंय बापा, घ्या की!'

त्यानं बाहेर जाऊन पाट्याच्या कडेचा खडा उचलला,
बोटांनी चुरला, खिचडीवर सोडला,
आणि जेवला, खाली मान घालून,
पुढच्या तारखेची आठवण असलेल्या माणसासारखा.

रात्री, पंपाच्या धडधडीत, सगळे झोपलेत असं वाटताना
काकीचा आवाज आला अंधारातून:
'काळू.
काळूच असणार नाव.'

मागच्या उन्हाळ्यात गेलेल्या
आमच्या उंटाचं तेच होतं.